चेंबर मोठं केलं की तुंबणं थांबेल का?

प्रश्न पुण्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांचा आहे. तीन इमारती, ८४ फ्लॅट. गेटजवळचं शेवटचं ड्रेनेज चेंबर एरवी नीट चालतं, पण पावसाची मोठी सर आली की पंधरा-वीस मिनिटांत झाकण उचललं जातं आणि मैलापाणी पार्किंगमध्ये पसरतं. पाऊस थांबला की अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. कंत्राटदार म्हणतो, ते चेंबर तोडून दहा फूट बाय दहा फूट, आठ फूट खोल करू, म्हणजे पाणी मावेल. काही सभासद म्हणतात, त्यापेक्षा पार्किंगखाली मोठी टाकीच बांधा. काय करावं?

सचिवसाहेब, आधी थेट उत्तर देतो. चेंबर मोठं करू नका. टाकीचा विचार नंतर करता येईल, पण ती ड्रेनेजची नको, पावसाच्या पाण्याची हवी. आणि त्याआधी एक दिवस घालवून गच्चीचे पाइप कुठे उतरतात ते शोधा. माझी बत्तीस वर्षं नगरपालिका-महापालिकांच्या ड्रेनेज खात्यात गेली. पावसाची सर आली की लगेच उसळणारं आणि पाऊस थांबला की लगेच ओसरणारं चेंबर बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतं, की त्या लाइनीत पावसाचं पाणी शिरतंय. जमिनीतला ओलावा फुटक्या सांध्यांतून झिरपत असता, तर चेंबर इतक्या पटकन भरलं नसतं आणि पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास भरलेलं राहिलं असतं. नुसता कचरा अडकला असता तर ते उन्हाळ्यातही तुंबलं असतं.

आता आकडे बघू, कारण सभासदांच्या बैठकीत तुम्हाला आकडेच लागतील. ८४ फ्लॅट, घरटी पाच माणसं धरली तर ४२० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये जातं, हे आपल्याकडचं सरकारी हिशेबाचं प्रमाण. म्हणजे दिवसाला साधारण ४५,००० लिटर. सरासरी काढली तर सेकंदाला अर्धा लिटर. सकाळी सगळे एकदम अंघोळीला जातात म्हणून तिप्पट धरायचं, तरी सेकंदाला १.६ लिटरच्या आसपासच येतं. तुमची बाहेर जाणारी लाइन बहुधा सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरची असेल. १०० फुटांना एक फूट उतार असेल तर ती पूर्ण भरून सेकंदाला सुमारे १५ लिटर वाहून नेते. म्हणजे मैलापाण्यासाठी ती लाइन भरपूर आहे.

आता पाऊस. तीन गच्च्या आणि पेव्हर ब्लॉकचं अंगण मिळून २,००० चौरस मीटर धरू. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली, म्हणजे दर चौरस मीटरवर तासाला ५० लिटर. त्यातलं दहा टक्के इकडेतिकडे जिरलं तरी तासाला ९०,००० लिटर वाहून येतं. सेकंदाला २५ लिटर! ज्या लाइनीतून एरवी दीड लिटर जातं, तिच्या तोंडाशी अचानक साडेसव्वीस लिटर येतं आणि ती नेऊ शकते पंधरा. उरलेलं झाकणातून बाहेर येणारच.

कंत्राटदाराचा खड्डा याच हिशेबात घालून बघा. दहा बाय दहा बाय आठ म्हणजे ८०० घनफूट, साधारण २२,६०० लिटर. सेकंदाला साडेअकरा लिटर जास्तीचं येत असेल तर अर्ध्या तासात भरला. बाहेरची पालिकेची लाइनही त्या वेळी भरलेली असेल आणि तुमचं पाणी घेतच नसेल, तर चौदा मिनिटांत. हेसुद्धा खड्डा रिकामा आहे असं धरून. तो रिकामा नसणारच. बाहेर जाणारा पाइप ज्या पातळीला आहे त्याच्या खाली खड्डा जितका खोल घ्याल तितका तो बारा महिने मैल्याने भरलेला राहील, कारण तिथून पाणी बाहेर जायला वाटच नाही. म्हणजे खोली वाढवून तुम्ही साठवण वाढवत नाही, गेटजवळ एक उघडी सेप्टिक टँक बांधता.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजाने झालेलं मी पाहिलंय. आपण सगळ्यालाच 'चेंबर' म्हणतो. गवंडीही सगळी चेंबरं एकाच मापात, एकाच पद्धतीने बांधतो. पण जमिनीखालच्या या खड्ड्यांची कामं एकमेकांच्या अगदी उलट असतात.

मैलापाण्याच्या चेंबरचं काम पाणी साठवणं नाहीच. लाइन वळते, उतार बदलतो, दोन लाइनी मिळतात किंवा सरळ लाइन तीसेक मीटर लांब जाते, तिथे काठी किंवा जेटिंगचा, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन साफ करायचा, पाइप घालायला जागा हवी, एवढ्यासाठी ते असतं. चांगल्या चेंबरमधून जाताना मैलापाण्याला चेंबर आलं हे कळताच कामा नये. म्हणून तळाशी पाइपच्याच रुंदीची अर्धगोल नाळ काढतात आणि दोन्ही बाजूंना नाळेकडे उतरते सिमेंटचे काठ देतात, ज्याला आम्ही बेंचिंग म्हणतो. मैला वाहता राहायला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. सहा इंची पाइपमधून जोरात आलेलं पाणी दहा फूट रुंदीच्या सपाट तळावर पसरलं की वेग जवळपास शून्य. मग घाण तळाशी बसते, वर तेलाची साय धरते आणि तिथेच वायू तयार व्हायला लागतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नव्या वसाहतीतली चाळीसेक चेंबरं तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. एकातही बेंचिंग नव्हतं, सगळे तळ अंगणासारखे सपाट. वरून प्लास्टर गुळगुळीत होतं म्हणून बिलं निघाली होती. दोन वर्षांत ती सगळी लाइन गाळाने भरली.

पावसाळी लाइनीच्या चेंबरचं, म्हणजे कॅचपिटचं, काम याच्या नेमकं उलट. तिथे पाण्याने थांबावं, दम घ्यावा आणि माती, खडी, पानं, गुटख्याच्या पुड्या खाली टाकून पुढे जावं अशी अपेक्षा असते. म्हणून त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपच्या बुडापेक्षा निदान फूट-दीड फूट खाली हवा. मी बघतो तर कॅचपिटला सपाट काँक्रीट थेट पाइपच्या पातळीला केलेलं असतं. मग सगळा गाळ पाइपमध्ये आणि पाइप साफ करायला रस्ता फोडा! हा खालचा फूटभर खड्डा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उपसावा लागतो. तो उपसायचाच नसेल तर बांधूही नये. डास होतात.

तिसरा प्रकार म्हणजे खरी साठवण टाकी. तिचं काम पाणी अडवून ठेवणं आणि पुढच्या लाइनीला झेपेल तसं हळूहळू सोडणं. याचं आपल्या जवळचं आणि मोठं उदाहरण मुंबईतलं हिंदमाता. तो भाग बशीसारखा. चहूबाजूंनी पाणी तिथे उतरतं. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची, तीही ओहोटी असताना. पुढे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या ब्रिमस्टोवॅड योजनेत तो हिशेब तासाला ५० मिलिमीटरवर नेला. शिवाय मुंबईच्या १८६ पातमुखांपैकी, म्हणजे पाणी बाहेर समुद्राकडे सोडणाऱ्या तोंडांपैकी, फक्त सहा भरतीच्या पातळीच्या वर आहेत. बाकीच्यांमधून भरतीच्या वेळी पाणी बाहेर पडणं तर सोडाच, समुद्रच आत येऊ बघतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. मग मोठी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून फेकणारी पंपिंग स्टेशनं, झाली. तरी हिंदमातासारख्या बशीतलं पाणी वेळेत हलेना, तेव्हा परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की रस्त्यावरचं पाणी त्या टाक्यांत घ्यायचं आणि समुद्र उतरला की सोडायचं. ही कल्पना मला मनापासून पटते, कारण ती फक्त वेळ विकत घेते, पाणी नाहीसं झाल्याचा दावा करत नाही. पण तिथे जातं ते पावसाचं पाणी. मैलापाणी असं साठवायचं नसतं.

म्हणून तुमच्या सोसायटीत आधी शोध, मग खर्च. एका कोरड्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास वापर कमी असताना, सगळी झाकणं ओळीने उघडून घ्या. प्रत्येक चेंबरमध्ये आत न वाकता बघा: नाळेतून पातळ धार वाहतेय की पाणी साठून उभं आहे? वरचं भरलेलं आणि त्याच्या खालचं कोरडं असेल तर दोघांच्या मधे अडथळा आहे, तिथे जेटिंग लावा. सगळीच भरलेली आणि रस्त्यावरचं पालिकेचं मॅनहोलही भरलेलं असेल तर दोष तुमचा नाही, पालिकेला लेखी कळवा. फोटोत तारीख-वेळ येऊ द्या.

मग गच्चीवर जा. एकेका पावसाळी पाइपच्या तोंडात दोन बादल्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेट कालवून ओता आणि खाली माणसं उभी करा. जांभळं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दिसलं की चोर सापडला. माझा अंदाज असा, की तुमच्याकडे गच्चीचे निदान काही पाइप गल्ली ट्रॅपवर सोडलेले आहेत. गल्ली ट्रॅप म्हणजे इमारतीच्या भिंतीलगतचा तो छोटा जाळीचा चौकोन, जिथे स्वयंपाकघराचं आणि अंघोळीचं पाणी येऊन मग ड्रेनेजला मिळतं. प्लंबरला पावसाचा पाइप अंगणातून वेगळा न्यायला दहा-बारा मीटर खोदावं लागतं, म्हणून तो गल्ली ट्रॅपवर सोडून मोकळा होतो. बिल्डर निघून गेल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. अंगणाचा उतारही बघा. बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजचं चेंबर अंगणाच्या सगळ्यात खालच्या जागी असतं आणि त्याच्या झाकणाला वास जावा म्हणून कोणीतरी भोकं पाडलेली असतात. सगळं अंगण त्या भोकांतून ड्रेनेजमध्ये उतरतं. झाकण चार इंच उंच घ्या, कडा ग्रीसने किंवा सिमेंटने बंद करा.

हे पाइप सोडवून पावसाळी लाइनीला जोडले की, माझ्या अनुभवात, अशा तक्रारींपैकी बहुतेक तिथेच संपतात. खर्च कंत्राटदाराच्या खड्ड्यापेक्षा कमी येईल.

आता टाकीबद्दल. रस्त्यावरची पावसाळी लाइन तुमचं सगळं पाणी एकदम घेऊ शकत नसेल, तरच टाकी. वरचाच हिशेब घ्या: आत येतं सेकंदाला २५ लिटर, बाहेर दहा सोडता येतं असं समजू. तासाभराच्या सरीत १५ लिटर दर सेकंदाला साठतं, म्हणजे ५४,००० लिटर. पाऊस थांबल्यावर दहाच्या वेगाने ती दीड तासात रिकामी होईल. तशी ती झालीच पाहिजे. 'पाणी वाया कशाला घालवायचं' म्हणून काही सोसायट्या ती भरूनच ठेवतात आणि पुढच्या सरीला ती नसल्यासारखी होते. बागेसाठी पाणी साठवायचं असेल तर त्याची टाकी वेगळी. एकाच टाकीला 'भरलेली राहा' आणि 'रिकामी राहा' अशी दोन कामं सांगू नका. टाकीत येण्याआधी गाळाचं कॅचपिट हवं, नाहीतर तीन वर्षांत तळाशी फूटभर चिखल बसतो. आणि एक गोष्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या: पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. तळाचा स्लॅब तडकलेल्या आणि एका कोपऱ्यातून वर आलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. टाकीचं वजन तेवढं हवं किंवा तळ बाजूला वाढवून त्यावर माती हवी.

टाकी रस्त्याच्या लाइनीपेक्षा खाली असेल तर पंप लागेल, आणि तिथे मोठा पंप बसवायचा मोह टाळा. लहान हौद आणि मोठा पंप ही जोडी मोटर जाळते. पंप सुरू झाला की क्षणात हौद रिकामा, बंद. लगेच भरला, सुरू. सर्वांत जास्त वेळा चालू-बंद तेव्हा होतं, जेव्हा येणारं पाणी पंपाच्या क्षमतेच्या निम्मं असतं. हिशेब सोपा आहे: पंप मिनिटाला जितकं पाणी फेकतो त्याला दोन सुरुवातींमधल्या मिनिटांनी गुणा आणि चाराने भागा. सेकंदाला दहा लिटरचा पंप म्हणजे मिनिटाला ६०० लिटर. तासात सहापेक्षा जास्त वेळा सुरू होऊ नये, म्हणजे दहा मिनिटांचं अंतर. ६,००० भागिले चार, १,५०० लिटर. फ्लोट स्विचच्या, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या बटणाच्या, 'सुरू' आणि 'बंद' पातळ्यांच्या मधे निदान एवढं पाणी मावलं पाहिजे. आणि दोन पंप ठेवा, आलटून पालटून चालणारे. वीज नेमकी त्याच सरीत जाते, म्हणून जनरेटरवर जोडणी.

शोषखड्ड्याचं सुचवणारेही भेटतील. आपल्याकडे पुण्याच्या आजूबाजूला मुरूम लागला तर तो छान चालतो, काळा पाषाण लागला तर तो नुसता हौद होतो. चार फूट खड्डा खणून पाणी भरा आणि तासात किती उतरतं ते मोजा. उतरलंच नाही तर पैसे घालू नका. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरवेलमध्ये तर मुळीच सोडू नका. बोअरला फक्त गच्चीचं, तेही गाळून.

तुमच्या पार्किंगची किंवा तळघराची पातळी रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर एक धोका कायमचा आहे. पालिकेची लाइन भरली की पाणी सगळ्यात खालच्या झाकणातून बाहेर पडतं आणि ते झाकण तुमचं असेल. त्यासाठी शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवतात. बसवा, पण तो मिटल्यावर तुमच्या स्वतःच्या घरांचं पाणीही आत अडतं हे सभासदांना आधी सांगा. पावसाचं पाणी बाहेर काढलेलं असेल तर सेकंदाला दीड लिटरच अडेल आणि लाइनीतली जागा थोडा वेळ ते सांभाळून घेईल. पावसाचं पाणी तसंच ठेवून व्हॉल्व्ह बसवला तर तळमजल्याच्या संडासातून वर येईल.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. चेंबर तुंबलं की कोणीतरी म्हणेल, 'एक माणूस उतरवू, पाच मिनिटांचं काम आहे.' उतरवू नका. कोणालाही, कितीही पैसे दिले तरी, कितीही उथळ असलं तरी. साठलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हवेपेक्षा जड, तळाशी बसणारा. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण दहा लाखांत शंभरच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं. वरून काठीने गाळ ढवळला की दबलेला वायू एकदम सुटतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. खात्यात असताना माझ्या हाताखालची माणसं अशा खड्ड्यांच्या काठावर उभी असायची. जुन्या मुकादमांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की झाकण काढल्यावर वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं आणि आत वाकून बघायचं नाही. त्यांनी आपली माणसं गमावून ते शिकलं होतं.

२०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे पालिकेपुरतं नाही, काम देणाऱ्या सोसायटीलाही लागू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. कंत्राटदाराच्या कामाच्या कागदावर 'जेटिंग आणि सक्शन गाडीनेच, कोणीही आत उतरणार नाही' हे वाक्य लिहून घ्या. ते लिहायला तो का-कू करत असेल तर दुसरा बघा.

तसंच, अंगणात पाणी साठलं म्हणून ड्रेनेजचं झाकण काढून ते आत सोडायचं, ही आपली सार्वत्रिक सवय आहे. त्याने दोन गोष्टी होतात. लाइन आणखी भरते आणि पाण्याखाली एक उघडा खड्डा तयार होतो जो कोणालाच दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर पायी घरी जाताना अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. त्यानंतर तिथे झाकणाखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. तुमच्या गेटजवळच्या चेंबरमध्येही झाकणाखाली अशी लोखंडी जाळी बसवून घ्या. शाळेची मुलं तिथूनच जातात.

कामाचा क्रम सांगतो. रंगाची तपासणी याच आठवड्यात. गच्चीचे पाइप वेगळे करणं एप्रिलपर्यंत. जेटिंग मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, त्याआधी नाही, नाहीतर जूनपर्यंत पुन्हा पानं पडतात. जूनमधल्या पहिल्या दोन सरींनंतर कॅचपिट उपसायचेच, कारण वर्षभराची धूळ त्याच दोन सरींत येते. त्यानंतरही गेटजवळचं चेंबर उसळलं, तर सर किती वाजता सुरू झाली, झाकण किती वाजता उचललं गेलं आणि त्या वेळी रस्त्यावरचं मॅनहोल भरलेलं होतं का, हे तिन्ही लिहून मला कळवा. त्यावरून टाकी हवी की नको ते सांगता येईल. आणि तपासणीच्या दिवशीच सगळ्या चेंबरांचा एक हाताने काढलेला नकाशा करा, ड्रेनेजची लाल आणि पावसाची निळी, आणि तो वॉचमनच्या केबिनमध्ये आतल्या बाजूने चिकटवा. रात्री दोन वाजता झाकण उसळेल तेव्हा तिथे तोच एकटा असणार आहे. नकाशाच्या वर मोठ्या अक्षरांत सक्शन गाडीचा नंबर आणि त्याखाली 'आत कोणीही उतरायचं नाही' एवढं लिहा.